'अ मेमरी ऑफ लाइट' : २३ वर्षं थांबलेल्या वाचकांना शेवट पुरला का?

आधीच सांगते, पुढे सगळे स्पॉयलर आहेत. कोण मरतं, कोण वाचतं, शेवटच्या पानावर काय होतं, सगळंच. ज्यांना 'व्हील ऑफ टाइम', म्हणजे हे जिचं शेवटचं पुस्तक ती फँटसी सिरीज, वाचायची आहे आणि अजून सुरू केली नाहीये त्यांनी इथेच थांबा आणि पहिलं पुस्तक उघडा.

फँटसी सिरीजचं शेवटचं पुस्तक आलं की लोकांचे दोनच निकाल असतात, 'भारी संपवली' नाहीतर 'वाट लावली'. पण समाधान नेमकं कशाने होतं किंवा कुठे हुकतं हे धड तपासायचं असेल तर माझ्या मते ह्या सिरीजइतकं चांगलं प्रकरण दुसरं नाही, कारण इथे शेवट लिहिणारा एक आणि तिथपर्यंत गोष्ट नेऊन पोचवणारा दुसरा आहे. मूळ लेखकाने शेवटचा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आणि मग तो गेला, आणि पुस्तक पूर्ण केलं त्याच्याच एका वाचकाने. त्यामुळे 'शेवट आवडला का' आणि 'शेवटापर्यंत नीट नेलं का' हे दोन प्रश्न एरवी एकमेकांत इतके गुंतलेले असतात, ते इथे वेगवेगळे करून बघता येतात.

मागचं थोडक्यात. रॉबर्ट जॉर्डन हे टोपणनाव, माणसाचं खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा. व्हिएतनाममध्ये लढून आलेला, नंतर फिजिक्स शिकलेला. 'द आय ऑफ द वर्ल्ड' हे पहिलं पुस्तक जानेवारी १९९० मध्ये टॉर ह्या प्रकाशनाने काढलं. त्याची एडिटर होती हॅरिएट मॅकडुगल, जी त्याची बायकोही होती, आणि ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते. सुरुवातीला मोजक्या पुस्तकांत संपेल असं वाटलेली गोष्ट वाढतच गेली. पहिली काही पुस्तकं धडाधड आली, वर्षाला एक, १९९० मध्ये तर दोन, आणि मग अंतर दोन वर्षांचं झालं, नववं २००० मध्ये आणि दहावं थेट २००३ मध्ये. ह्या दहाव्याने वाचकांचा धीर खऱ्या अर्थाने सुटला, कारण नवव्याच्या शेवटी गोष्टीचा नायक रँड एक प्रचंड काम करतो आणि दहाव्याचा मोठा भाग ते काम चालू असताना बाकीचे लोक कुठे काय करत होते ह्यातच जातो, म्हणजे तीन वर्षं थांबून वाचक पुन्हा त्याच दिवसात. अकरावं, 'नाइफ ऑफ ड्रीम्स', २००५ मध्ये आलं आणि त्यात गाडी परत रुळावर आली. जॉर्डनने सांगून टाकलं होतं की आता एकच पुस्तक, कितीही जाड झालं तरी एकच.

मार्च २००६ मध्ये त्याने जाहीर केलं की त्याला अमायलॉइडोसिस झालाय, हृदयापर्यंत पोचलेला दुर्मिळ आजार. १६ सप्टेंबर २००७ ला तो गेला, वय ५८. जायच्या आधीच्या महिन्यांत त्याने जमेल तेवढं लिहिलं, न जमेल ते घरच्यांना आणि असिस्टंट लोकांना तोंडी सांगितलं, आणि शेवटचा प्रसंग लिहून ठेवला. आपण नसलो तरी गोष्ट पूर्ण व्हावी अशी त्याची स्वतःची इच्छा होती, आणि हे इथे मुद्दाम सांगते कारण अजूनही कोणीतरी म्हणतंच की दुसऱ्याकडून लिहून घ्यायलाच नको होतं.

जॉर्डन गेल्यावर ब्रँडन सँडरसन नावाच्या एका तरुण लेखकाने त्याला निरोप देणारं काही लिहिलं होतं. तो शाळकरी वयापासून ही सिरीज वाचत आलेला. ते हॅरिएटच्या वाचनात आलं, मग तिने त्याचं 'मिस्टबॉर्न' वाचलं आणि त्याला विचारलं. डिसेंबर २००७ मध्ये तसं जाहीर झालं. मग जे एक पुस्तक असणार होतं त्याची तीन झाली, 'द गॅदरिंग स्टॉर्म' २००९, 'टॉवर्स ऑफ मिडनाइट' २०१०, आणि 'अ मेमरी ऑफ लाइट' ८ जानेवारी २०१३. मुख्य सिरीजचं हे चौदावं आणि शेवटचं, हार्डकव्हरची नऊशेच्या वर पानं.

वाचक कशाची वाट बघत होते

रँड जिंकणार का, ह्याची फार कोणी वाट बघत नव्हतं. जगाचा शेवट होणार नाही हे पहिल्या पुस्तकापासून सगळ्यांना ठाऊक असतं. वाट असते ती उधारी फिटण्याची. लेखकाने तेरा पुस्तकांत शेकडो ठिकाणी शब्द देऊन ठेवलेला असतो, कधी भविष्यवाणीतून, कधी एखाद्या पात्राच्या शपथेतून, कधी नुसतं एक नाव सहज घेऊन पुढे जाण्यातून, आणि वाचक हे सगळं मनात मांडून ठेवतो. ह्या सिरीजमध्ये तर भविष्य सांगणारी पात्रंच किती. मिनला लोकांच्या डोक्याभोवती चित्रं दिसतात आणि ती कधीच चुकत नाहीत. एग्वेनला स्वप्नं पडतात. ड्रॅगनबद्दलच्या, म्हणजे रँडबद्दलच्या, भविष्यवाण्या तर लिखितच आहेत. म्हणजे लेखकाने स्वतःच्या हाताने यादी करून वाचकाकडे दिलेली, आणि वाचकांनी ती वीस वर्षं घोकलेली, त्यावर वाद घातलेले, थिअऱ्या केलेल्या. माझं म्हणणं हे आहे की ह्या पुस्तकाने मोठी उधारी पूर्ण फेडली, लहान उधारीत बऱ्याच ठिकाणी बोळवण केली, आणि जे पडले त्यांच्यासाठी रडायला वेळच दिला नाही. ह्यातली तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

लॅन

जिथे हे पुस्तक पूर्ण पुरतं असा एकच प्रसंग दाखवायचा तर मी लॅनचा दाखवेन. लॅन म्हणजे मॅल्कियर नावाच्या बुडालेल्या राज्याचा शेवटचा राजा. तान्हा असताना, राज्य जाताना, त्याच्या पाळण्यात तलवार ठेवून त्याच्या वतीने शपथ घेतलेली, शेवटपर्यंत काळ्या शक्तीशी लढेन म्हणून. हा माणूस पहिल्या पुस्तकापासून मरायलाच निघालेला आहे. दुसऱ्या पुस्तकात तो रँडला तलवार शिकवतो आणि एक गोष्ट सांगून ठेवतो, की कधीतरी अशी वेळ येईल की समोरच्याला मारायचंच आहे आणि किंमत काहीही चालेल, तेव्हा तलवार म्यान करायची, आणि म्यान म्हणजे स्वतःचं शरीर. रँड ते दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी एकदा करतो. त्यानंतर वाचक ते विसरूनही जातो.

चौदाव्यात डेमांड्रेड नावाचा शत्रू रणांगणावर उभा राहून रँडला हाका मारतोय आणि रँड तिथे नाहीच. आधी गॉविन त्याच्यावर जातो आणि पडतो. मग गॅलड जातो, हात गमावतो. मग लॅन. डेमांड्रेड विचारत राहतो की तू कोण, तुझ्यासारखा तलवारबाज ह्या युगात आला कुठून. लॅन म्हणतो मी साधा माणूस आहे, नेहमी तेवढाच होतो. आणि शेवटी तो मुद्दाम डेमांड्रेडची तलवार स्वतःच्या कुशीत घुसू देतो, तशीच घुसू देत पुढे सरकतो, आणि सांगतो की मी जिंकायला आलो नाही, तुला मारायला आलोय. आणि त्याच्या गळ्यातून तलवार आरपार.

हे वाचताना अंगावर काटा आला नाही असा ही सिरीज वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि तो काटा मारामारीचा नाही, हाणामाऱ्या तर त्या पुस्तकात पानोपानी आहेत. तो दुसऱ्या पुस्तकातल्या एका वाक्याचा आहे, १९९० सालच्या, ज्याची किंमत २०१३ मध्ये वसूल झाली. आणि वर लॅन जगतो! तेरा पुस्तकं मरायला निघालेला माणूस उठून उभा राहतो, डेमांड्रेडचं मुंडकं वर धरून. एरवी मेलेलं पात्र परत उभं केलं की वाचक चिडतो, इथे कोणी चिडलं नाही, कारण त्याने मरायची तयारी पूर्ण दाखवून झालेली होती, त्यात काही राखून ठेवलं नव्हतं.

हा प्रसंग आहे ३७व्या चॅप्टरमध्ये. त्या चॅप्टरचं नाव 'द लास्ट बॅटल', आणि तो एकटाच जवळपास ८० हजार शब्दांचा आहे, म्हणजे एक आख्खी कादंबरी. काही वाचकांना तो फार लांबला असं वाटतं आणि त्यांचं अगदीच खोटं नाही, मधे मधे सैन्याच्या तुकड्या इकडून तिकडे जातात तेव्हा नकाशा घेऊन बसावं लागतं. पण मला तो तसाच हवा होता. चॅप्टर संपल्याशिवाय थांबायची जागा मिळत नाही, ज्यांची नावं आपण वीस वर्षं घेतली ते एकेक करून पडत राहतात आणि पान उलटलं तरी लढाई तीच. ज्या लढाईचं नाव पहिल्या पुस्तकापासून ऐकतोय ती पन्नास पानांत संपली असती तर तोंडाला पानं पुसल्यासारखंच झालं असतं.

रँड आणि डार्क वन

मुख्य सामना तर तलवारीचा नाहीच. शायोल घूलच्या गुहेत रँड आणि डार्क वन, म्हणजे ह्या जगातल्या सगळ्या वाईटाचं मूळ, एकमेकांना जगं दाखवतात. डार्क वन दाखवतो की मी जिंकलो तर जग असं होईल. रँड उलट दाखवतो की मी तुला मारून टाकलं तर असं होईल, आणि स्वतः बांधलेलं ते सुंदर जग बघायला तो पुढे जातो, सगळीकडे शांतता, भरभराट, कोणाला कसलं दुःख नाही, आणि समोर त्याची प्रेयसी एलेन येते, आणि तिच्या डोळ्यांत बघितल्यावर त्याच्या लक्षात येतं की आत कोणी नाहीये. वाईट निवडायची शक्यताच काढून टाकली तर माणूस उरत नाही. म्हणून तो डार्क वनला मारत नाही, परत कोंडतो, फक्त ह्यावेळी आधीपेक्षा पक्कं.

ज्यांना खलनायक मेलेला बघायचा होता त्यातल्या काहींना हे पुरलं नाही. मला पुरलं, आणि कारण सिरीजच्या नावातच आहे. काळाचं चक्र फिरतं, आत्मे परत परत जन्माला येतात, युगं जातात आणि परत येतात. जे जग असं चालतं तिथे वाईटाचा एकदाच कायमचा नाश झाला असता तर चक्रच मोडलं असतं. आपल्याकडच्या वाचकाला तर हे समजावून सांगावंच लागत नाही, युगं आणि पुनर्जन्म आपण आजीकडून ऐकलेले असतात. किंबहुना बाकी फँटसीत नायक शत्रूला संपवतो तेव्हा मला नेहमी प्रश्न पडतो की पुढच्या पिढीचं काय, इथे तो पडला नाही.

आता ह्यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रँडच्या मनातल्या झगड्याचा शेवट चौदाव्या पुस्तकात नाहीच, तो बाराव्यात झालाय, 'द गॅदरिंग स्टॉर्म'च्या शेवटी, जेव्हा तो स्वतःच्या बापावर हात उगारून पळतो आणि ड्रॅगनमाउंटच्या शिखरावर बसून सगळं जग जाळून टाकावं का ह्याचा विचार करतो. परत परत जन्म घेऊन तेच दुःख का भोगायचं हा त्याचा प्रश्न, आणि उत्तर असं सापडतं की मागच्या वेळी जे प्रेम केलं ते परत करायची संधी मिळते म्हणून. ते पान माझ्या मते आख्ख्या सिरीजचा कळस आहे. म्हणजे जे मूळ एकच पुस्तक होतं त्याचे तीन भाग झाल्यावर समाधानही तीन हप्त्यांत मिळालं, आणि जो वाचक फक्त चौदाव्यावरून शेवटाचा निकाल देतो तो हप्ता विसरतोय. पण ते तीन भाग करण्याची किंमतही आहे. चौदाव्यात रँड आधीच शांत, शहाणा, आतून मोकळा झालेला आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल जीव टांगणीला लागत नाही, तो लागतो बाकीच्यांबद्दल.

जिथे बोळवण झाली

पॅडन फेन. पहिल्या पुस्तकात गावात येणारा फेरीवाला, आणि पुढे सगळ्यात विचित्र, सगळ्यात भयानक होत गेलेलं पात्र, ना ह्या बाजूचं ना त्या बाजूचं. त्याचं काहीतरी होणार, डार्क वनच्या बाबतीतच काहीतरी होणार अशी वाचकांची पक्की धारणा. शेवटी तो धुकं घेऊन येतो, रँडचा गावचा मित्र मॅट त्याच्यावर मात करतो, आणि संपलं, थोडक्यात. पहिल्या पुस्तकापासून चाललेली गोष्ट अशी गुंडाळणं म्हणजे अन्याय आहे.

अलिव्हिया. मिनने तिच्याबद्दल बघून ठेवलेलं की ही बाई रँडला मरायला मदत करणार. विचार करा, असं वाक्य मिळाल्यावर वाचकांनी काय काय थिअऱ्या केल्या असतील. प्रत्यक्षात ती त्याच्यासाठी कपडे आणि पैसे ठेवून जाते, म्हणजे तो मेला असं जगाला वाटेल आणि त्याला गुपचूप निघून जाता येईल. अर्थ जुळतो, शब्दाला शब्द लागतो, पण पोट भरत नाही. भविष्यवाणी तांत्रिकदृष्ट्या खरी करणं वेगळं आणि तिच्यामुळे वर्षानुवर्षं जी धाकधूक साठली तिला न्याय देणं वेगळं.

आणि डेमांड्रेड स्वतः. हा अनेक पुस्तकं कुठे लपलाय हा वाचकांचा लाडका प्रश्न, मझरिम टाइम नावाचं दुसरं एक पात्र म्हणजेच डेमांड्रेड अशी थिअरी इतकी गाजली की जॉर्डनला स्वतः ती नाकारावी लागली. शेवटी तो निघाला शारा नावाच्या लांबच्या देशात, तिथल्या लोकांचा तारणहार होऊन बसलेला, आणि चौदाव्यात एकदम तिथलं सैन्य घेऊन हजर. तिथे तो काय करत होता, ते लोक त्याच्यामागे का गेले, हा भाग लिहिलेला होता पण पुस्तकातून काढला आणि 'रिव्हर ऑफ सोल्स' नावाने २०१३ मध्ये एका वेगळ्या कथासंग्रहात आला. ते वाचल्यावर लॅनसमोर उभा असलेला माणूस वेगळाच दिसतो, जवळजवळ कीव येते त्याची. ते पुस्तकातच असायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे, मग पानं हजाराच्या वर गेली तरी चाललं असतं, ह्या सिरीजच्या वाचकाला पानांची भीती कधीच नव्हती.

सँडरसनच्या भाषेबद्दलही लोक बोलतात. त्याची वाक्यं छोटी, वेग जास्त, आणि जॉर्डनसारखं कपड्यांच्या भरतकामात रमणं नाही. 'द गॅदरिंग स्टॉर्म'मधला मॅट तर बहुतेकांना परका वाटला, विनोद करायला उभा केलेला, आणि हे सँडरसनने नंतर स्वतः मान्य केलं. चौदाव्यापर्यंत तो बराच सावरलेला आहे, आणि सगळ्या सेनापतींच्या डोक्यात स्वप्नातून विष कालवलं गेल्यावर आख्खी लढाई मॅटच्या हातात येते तेव्हा तो जुना मॅटच वाटतो. भाषेचा फरक मला पहिल्या शंभर पानांनंतर टोचला नाही. फेनचं गुंडाळणं आजही टोचतं.

रडायला जागा

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. एग्वेन मरते. कशी मरते ते तर अप्रतिमच आहे, मझरिम टाइम वापरत असलेल्या शक्तीने जगाचं विणकामच फाटत चाललंय आणि ती त्या लढाईतच त्याचा उतारा शोधून काढते, स्वतःला झेपेल त्याच्या पलीकडे शक्ती ओढून घेते, मरायच्या आधी स्वतःच्या रक्षकाचं बंधन सोडते म्हणजे आपल्यामागे त्या रक्षकाचे हाल होणार नाहीत, आणि मग जाते. गावातली खानावळवाल्याची मुलगी, जिला पहिल्या पुस्तकात नुकती कुठे वेणी घालायची परवानगी मिळाली होती. तिचं मरण बरोबर आहे, आवश्यक आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. पण नंतर?

स्युआन पडते. ब्राइन पडतो. बशीर आणि त्याची बायको पडतात. ऱ्हुआर्कला शत्रूने मनाने बांधून टाकलेलं असतं आणि आविएंडाला त्याला स्वतःच्या हातांनी मारावं लागतं, ज्या माणसाला तिने आयुष्यभर मान दिला त्याला. बेला पडते, पहिल्या पुस्तकापासून सोबत असलेली ती जुनी घोडी, आणि तिच्यासाठी लोक अक्षरशः रडले. आणि ह्या सगळ्यानंतर एकच एपिलॉग. त्यात रँडचा मित्र पेरिन प्रेतांच्या ढिगाऱ्यात बायकोला, फेलला, शोधतोय आणि ती सापडते, मॅटला तो बाप होणार असल्याचं कळतं, कॅडस्वेनला तिच्या मनाविरुद्ध मोठं पद मिळणार असं दिसतं, टॅम, रँडचा बाप, रँडच्या चितेला अग्नी देतो, आणि त्या देहात आता रँड नाहीच, तो मोरिडिन ह्या शत्रूच्या देहात लांबून हे बघून घोड्यावर बसून निघून जातो. एग्वेनसाठी तिचे आईबाप रडले का? एमंड्स फील्डला, तिच्या गावाला, कोणी निरोप नेला? माहीत नाही.

इथे मला महाभारत आठवल्याशिवाय राहत नाही. युद्ध सुरू होतं भीष्मपर्वात आणि संपतं शल्यपर्वात, ते नववं, मग सौप्तिकातली ती रात्र, आणि पर्वं आहेत अठरा. म्हणजे युद्ध झाल्यावर जवळजवळ निम्मी पर्वं शिल्लक आहेत. आख्खं स्त्रीपर्व आहे जिथे गांधारी रणांगणात फिरून एकेकाचं प्रेत बघते आणि रडते. जिंकलेल्या युधिष्ठिराला राज्य नकोसं झालंय आणि भीष्म शरपंजरी पडून त्याची समजूत घालताहेत. आश्रमवासिक पर्वात तर व्यास एका रात्रीपुरते मेलेल्या सगळ्यांना गंगेतून वर आणतात, फक्त मागे राहिलेल्यांना एकदा भेटता यावं म्हणून. युद्ध जिंकणं हा गोष्टीचा शेवट नसतो हे ज्या माणसांनी ते रचलं त्यांना पक्कं माहीत होतं. चौदा पुस्तकांच्या गोष्टीला स्त्रीपर्वासारखा एखादा भाग, शंभर पानांचा का होईना, मिळायला हवा होता. वाचक 'अजून थोडं हवं होतं' म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांना पुढे काय झालं ह्याची माहिती नको असते, त्यांना मेलेल्यांजवळ थोडं बसायचं असतं.

त्याला उत्तर असंही देता येईल की हा एपिलॉग मुख्यतः जॉर्डनने लिहिलेला, आणि सँडरसन व हॅरिएटने त्याला जवळजवळ हात लावला नाही. हे खरं आहे आणि आदर म्हणून योग्यच आहे. शेवटच्या पानावर रँड पाइप ओठात धरतो, पेटवायला काही नाही, शक्तीही आता त्याच्याकडे नाही, आणि नुसता विचार करतो तर पाइप पेटतो. का, कसं, पुस्तक सांगत नाही. ज्यांना प्रत्येक गोष्टीचा नियम लागतो त्यांना हे छळतं. मला हे शेवटातलं सगळ्यात सुंदर वाटतं, एका माणसाने आयुष्यभर जगाचं ओझं वाहिलं आणि शेवटी त्याला कोणाला काही सिद्ध करायचं नाही, कुठे जायचं तेही ठरलेलं नाही, आणि तो खूश आहे. मरायला टेकलेल्या माणसाने हे लिहिलंय हे माहीत असताना ते पान कोरड्या डोळ्यांनी वाचणं अवघड आहे. पण एपिलॉग जपायचा म्हणून त्याच्या आधीही काही घालायचं नाही असं थोडंच होतं? लढाई आणि एपिलॉग ह्यांच्या मधली जागा सँडरसनची होती. तिथे एक चॅप्टर बसला असता.

कोणाचं समाधान झालं

पुस्तक आलं तेव्हा एक वेगळीच नाराजी झाली होती. हॅरिएटच्या इच्छेने ई-बुक मागे ठेवलं, ते एप्रिल २०१३ मध्ये आलं, आणि तोपर्यंत बऱ्याच लोकांनी पुस्तक न वाचताच एक स्टार देऊन राग काढला. ते रेटिंग बघून शेवटाबद्दल काही ठरवणं चूक आहे. शेवटाबद्दलची खरी मतं नंतर आली, आणि त्यात मला एक फरक स्पष्ट दिसतो. जे १९९०च्या आसपासपासून थांबले होते, ज्यांना २००७ मध्ये वाटलेलं की आता हे कधीच पूर्ण होणार नाही, ते पुस्तकाच्या उणिवा मोजून दाखवतात आणि तरी कृतज्ञ असतात. जे नंतर आले आणि चौदा पुस्तकं सलग वाचून काढली, त्यांना दहाव्या पुस्तकाचा संथपणा तेवढा जाणवत नाही पण फेन, अलिव्हिया असले प्रकार जास्त खटकतात, कारण पहिल्या पुस्तकातलं सगळं ताजं असतं. आपल्याकडे तर नंतर आलेलेच जास्त. २०२१ मध्ये प्राइमवर सिरीज आली आणि नवे लोक वाचायला लागले. ती तीन सीझननंतर २०२५ मध्ये बंद झाली, म्हणजे पडद्यावर हा शेवट काही बघायला मिळणार नाही, हवा असेल तर पुस्तकच उघडावं लागेल.

आणि एक उधारी अशी आहे जी कोणीच फेडलेली नाही. शॉनचान लोक जादू येणाऱ्या बायकांच्या गळ्यात पट्टा घालून त्यांना जनावरासारखं वापरतात, त्यांना दमाने म्हणतात. एग्वेनला दुसऱ्या पुस्तकात असाच पट्टा घातला होता, आणि ते वाचताना जी घुसमट होते ती विसरता येत नाही. शेवटच्या युद्धासाठी ह्याच शॉनचानांशी तह होतो, आणि पुस्तक संपतं तेव्हा ते पट्टे तसेच आहेत. मोघेडियन ही शत्रूकडची जादूगारीण शेवटी त्यांच्या तावडीत सापडते आणि तिच्या गळ्यात पट्टा पडतो तेव्हा आपण खूश व्हावं अशी अपेक्षा दिसते, मला ते जमलं नाही. जॉर्डनच्या मनात मॅट आणि त्याची बायको, शॉनचानांची सम्राज्ञी तुऑन, ह्यांच्यावर पुढची तीन पुस्तकं होती, हा विषय बहुतेक तिथे येणार होता. ती आता लिहिली जाणार नाहीत, सँडरसन आणि हॅरिएटने तसं सांगून टाकलंय, आणि जॉर्डनने त्यासाठी फारसं काही ठेवलेलंच नव्हतं हे बघता मला तो निर्णय पटतो. पण मग तहाच्या त्या कागदात दमानेंसाठी एखादं कलम घालायला रँडला काय हरकत होती? तो सगळ्या जगाला अटी घालत होता त्या दिवशी, मेरिलॉरच्या मैदानावर, सगळे राजे राण्या समोर होते. स्वतःच्या आयल लोकांसाठी आविएंडा भांडली आणि त्यांना तहात जागा मिळवून दिली. दमानेंसाठी एग्वेन तुऑनशी भांडली, तिला कोंडीतही पकडलं, पण पट्टा निघाला नाही, आणि भांडणारी एग्वेनच पुढे गेली.